वाचकांचे प्रश्न : बेसबॉलमधला 'रूल फाइव ड्राफ्ट'

प्रश्न : मेजर लीगमध्ये, म्हणजे अमेरिकेतल्या सर्वोच्च बेसबॉल लीगमध्ये, एका क्लबच्या मायनर (खालच्या) लीगमधला खेळाडू दुसरा क्लब परवानगी न घेता उचलू शकतो म्हणे. करार झालेला असताना हे कसं चालतं?

उत्तर : चालतं, आणि मुद्दाम चालू दिलं आहे. गुणी पोरांना एकाच क्लबने वर्षानुवर्षं खालच्या लीगमध्ये अडकवून ठेवू नये, हा हेतू. नियमावलीतला हा पाचवा नियम, त्यावरूनच नाव पडलं. प्रत्येक क्लबची चाळीस जणांची यादी असते. तिच्यात नाव असलं की खेळाडू सुरक्षित. बाहेर राहिलेला ठरावीक काळानंतर उघडा पडतो आणि डिसेंबरातल्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे खेळाडू निवडीत, कोणताही क्लब त्याच्यावर बोट ठेवू शकतो. यादीत नावं घालण्याची मुदत नोव्हेंबरातच संपते.

प्रश्न : हा 'ठरावीक काळ' मोजायचा कसा?

उत्तर : वर्षं मोजायला गेलात तर चुकाल, डिसेंबर मोजा. करार होण्याआधीच्या 5 जूनला वय 18 किंवा त्याहून कमी असेल, तर करारानंतरच्या पाचव्या ड्राफ्टला खेळाडू खुला होतो. 19 किंवा जास्त असेल तर चौथ्या. म्हणजे 2022 च्या जुलैत कॉलेजमधून आलेला 21 वर्षांचा पिचर (चेंडू फेकणारा) डिसेंबर 2025 मध्ये खुला झाला, तर त्याच महिन्यात शाळेतून आलेल्या 18 वर्षांच्या मुलाचा क्रम 2026 मध्ये लागतो.

प्रश्न : निवडलेल्या खेळाडूची किंमत फक्त एक लाख डॉलर! मग सगळे क्लब तुटून का पडत नाहीत?

उत्तर : कारण खरी किंमत पैशांत नाहीच. गेल्या मोसमात तळाला राहिलेल्यांना आधी संधी मिळते. पण ज्याच्या चाळिसाच्या यादीत जागा रिकामी नाही, त्याला निवड करताच येत नाही. जागा असूनही पुष्कळ जण 'पास' म्हणतात. घेतलेला खेळाडू पुढचा अख्खा मोसम प्रत्यक्ष खेळणाऱ्या 26 जणांतच ठेवावा लागतो, त्याला मायनर लीगमध्ये धाडता येत नाही.

आता हिशेब करा. 26 मध्ये पिचर जास्तीत जास्त 13. उरलेल्या 13 बॅटरांपैकी नऊ रोजचे, म्हणजे बाकावर चार. त्यातला एक राखीव कॅचर (यष्टिरक्षकासारखा). राहिलेल्या तीन जागांपैकी एक कच्च्या पोराला दिली, तर मॅनेजरचे हात बांधलेच. म्हणून आमच्या मते बॅटरपेक्षा पिचर घेणं सोपं: सामना सात-आठ धावांनी हातचा गेला की त्याला उतरवायचं, बाकी दिवस झाकून ठेवायचं. पिचर योहान सांतानाचं असंच झालं. 1999 च्या ड्राफ्टमध्ये अ‍ॅस्ट्रोजकडून निघून तो ट्विन्सकडे पोहोचला. 2000 मध्ये नऊ डावांमागे त्याने दिलेल्या धावांची सरासरी होती 6.49, चक्क मार खाल्ला. तरी ट्विन्सनी त्याला धरून ठेवलं. 2004 आणि 2006 चा साय यंग पुरस्कार, म्हणजे सर्वोत्तम पिचरचा मान, त्याचाच.

प्रश्न : मध्येच नको झाला तर?

उत्तर : आधी त्याला वेव्हरवर टाकायचं, म्हणजे बाकीच्या क्लबांना तो घेण्याची संधी द्यायची. दुसऱ्या क्लबने उचलला तर हीच अट त्यांच्या गळ्यात. कोणीच उचलला नाही, तर मूळ क्लबला 50,000 डॉलरला परत देऊ करायचा. त्यांनी घेतला तर त्याला चाळिसाच्या यादीत घालायची सक्ती त्यांच्यावर नाही, आणि नाकारला तर तुम्ही खुशाल खाली पाठवा. शेन व्हिक्टोरिनोला दोनदा निवडलं गेलं. पाद्रेजनी तो परत केला. फिलीजनी देऊ केला तेव्हा मूळ क्लब डॉजर्सनी नको म्हटलं, आणि फिलीजना 2008 च्या विजेत्या संघातला आउटफिल्डर (मैदानाच्या बाहेरच्या भागातला क्षेत्ररक्षक) मिळाला.

ट्रेड करून मात्र सुटका नाही, कारण अट खेळाडूबरोबर जाते. सौद्याने ती काढायचा एकच उपाय: मूळ क्लबशी सौदा करून हक्क पूर्ण विकत घ्यायचे.

प्रश्न : जखमी म्हणून वर्षभर यादीबाहेर बसवला तर पळवाट मिळेल का?

उत्तर : नाही. किमान 90 दिवस तो खेळायला उपलब्ध असलेल्यांत हवा. कमी पडलेले दिवस पुढच्या मोसमात भरून काढावे लागतात. ओरिओल्सनी 2016 मध्ये घेतलेल्या अँथनी सांतांदेरचं 2017 बरंचसं दुखापतीत गेलं, म्हणून त्याची अट 2018 मध्येही चालू राहिली.