नाणे घासण्याआधी विचारा

या महिन्याच्या पत्रांतले निम्मे प्रश्न मागच्या महिन्यातलेच आहेत. पुन्हा उत्तरे देतो.

माझ्याकडे चौथ्या शतकातले रोमन तांब्याचे नाणे आहे. एवढे जुने म्हणजे लाखमोलाचेच ना?

तसे नाही. त्या शतकात टांकसाळींनी अशी नाणी अफाट संख्येने पाडली आणि जमिनीत पुरलेले त्यांचे साठे अजून सापडतात. उलट अमेरिकेचे १९३३चे वीस डॉलरचे सोन्याचे नाणे घ्या. ४,४५,५०० पाडली, पण जवळपास सगळी वितळवली गेली. कायद्याने खासगी मालकीत राहू शकणारे एकच नाणे २०२१मध्ये सुमारे १ कोटी ८९ लाख डॉलरला विकले गेले. तुमच्या नाण्याचे वजन, व्यास आणि दोन्ही बाजूंचे फोटो जाणकाराला दाखवा.

अगदी माझ्यासारखे नाणे इंटरनेटवर पाच लाखांना लावलेले आहे.

लावलेले आहे, विकले गेलेले नाही. पूर्ण झालेल्या लिलावांचे निकाल पाहा.

लिलावात हातोडा १,०००वर पडला, म्हणजे शेवटची बोली तेवढी होती; बिल मात्र बरेच जास्त आले. फसवणूक का?

बहुधा नाही. लिलावगृह खरेदीदाराकडून घेते ते कमिशन २० टक्के असेल तर १,२०० होतात. कर, विमा, पाठवणी वेगळी. हे अटींत छापलेले असते. कमाल बोली ठरवताना हातोड्याचा नव्हे, शेवटच्या बिलाचा आकडा धरा.

आजोबांची चांदीची नाणी काळी पडली आहेत. टूथपेस्टने उजळवून लिलावाला देऊ का?

हात लावू नका. नाणे पाडताना ठसा दाबला जातो तेव्हा धातू कडेकडे सरकतो आणि पृष्ठभागावर अतिसूक्ष्म रेषा उठतात. नाणे दिव्याखाली फिरवल्यावर प्रकाशाचे पट्टे चाकाच्या आऱ्यांसारखे फिरतात, ते या रेषांमुळे. घासण्यात पहिल्यांदा त्याच जातात. मग उरते ती घासलेल्या भांड्याची चमक, आणि भिंगाखाली दिसणारे ओरखडे कायमचे. 'मी फक्त द्रावणात बुडवले' असेही सांगू नका. तो काळा थर नाण्याच्याच चांदीपासून बनलेला असतो. तो विरघळला की पृष्ठभागही तेवढा जातो.

ग्रेडिंग संस्था, म्हणजे नाण्याची अवस्था तपासून गुण देणाऱ्या संस्था, अशा नाण्याला बहुधा आकडा देत नाहीत, 'डिटेल्स' (म्हणजे पृष्ठभाग बिघडलेला) असे लिहून मोकळ्या होतात. नाणे-अभ्यासक विल्यम शेल्डन यांनी १९४९मध्ये जुन्या अमेरिकी सेंटसाठी मांडलेली १ ते ७० गुणांची श्रेणी आज या संस्था वापरतात. तिच्या वरच्या टोकाला एका गुणाने किंमत कित्येक पट बदलू शकते, आणि तुम्ही तो गुणच पुसून टाकायला निघालात!

घेणाऱ्यांनीही सावध राहावे. कॅटलॉगमध्ये 'नेत्रदीपक चमक' ठळक असते आणि 'पूर्वी स्वच्छ केलेले' बारीक अक्षरांत. समोरून प्रकाश टाकलेल्या फोटोत ओरखडे लपतात. तिरक्या प्रकाशातला व्हिडिओ मागा. तो देत नसतील तर बोली लावू नका. मऊ पीव्हीसी प्लास्टिकच्या पाकिटामुळे आलेला हिरवा चिकट थर मात्र काढावाच लागतो, पण तोही जाणकाराकडून.

चांदीचे नाणे चुंबकाला चिकटत नाही. म्हणजे खरे?

चिकटले असते तर खोटे ठरले असते, इतकेच. तांबे आणि शिसेही चिकटत नाहीत, आणि दोन्ही मिसळून चांदीची घनताही गाठता येते. तज्ज्ञाकडून तपासून घ्या.

नाणे प्रमाणित, सीलबंद डबीत आहे. मग तरी निर्धास्त?

डब्याही नकली निघतात. प्रमाणपत्राचा क्रमांक त्या संस्थेच्या नोंदीशी जुळवा, फोटोसकट.

चार महिन्यांपूर्वी लिलावात घेतलेल्या नाण्याच्या कडेला जोडासारखी रेघ दिसते. वाट पाहावी का?

कशाची? ती रेघ साच्यात ओतून केलेल्या नकलेची असू शकते. परतीच्या दाव्याला मुदत असते आणि तुमचे चार महिने गेले. लिलावगृहाला आजच लेखी कळवा, सोबत बिल आणि कडेचा फोटो जोडा आणि त्रयस्थ परीक्षकाची वेळ घ्या. तोवर रेघ नखाने खरवडू नका.