मामांचा पासपोर्ट ब्रिटिश, मग ब्रिटनमध्ये राहता का येईना?

प्रश्न : बाई, आईच्या ट्रंकेत थोरल्या मामांचा जुना पासपोर्ट सापडला. ते हाँगकाँगमधल्या कौलूनला एका सिंधी व्यापाऱ्याकडे हिशेब लिहायचे. वर ‘ब्रिटिश पासपोर्ट’ छापलंय, पण आई म्हणते, त्यांना लंडनला जाऊन राहायचा हक्कच नव्हता. असं कसं?
– वि. जो., जुळे सोलापूर

उत्तर : आई बरोबर सांगतात. आत फोटोचं पान बघा. तिथे ‘ब्रिटिश नॅशनल ओव्हरसीज’ असं असेल. गोम त्या शेवटच्या शब्दात आहे, ‘ओव्हरसीज’ म्हणजे समुद्रापारचा.

ब्रिटनच्या १९८१ च्या कायद्याने १ जानेवारी १९८३ पासून वसाहतीतल्या माणसांचा दर्जा वेगळा केला. पासपोर्ट मिळे, ब्रिटनमध्ये राहायचा हक्क नाही. फॉकलंड बेटांच्या, म्हणजे दुसऱ्या एका ब्रिटिश वसाहतीच्या, लोकांना मात्र तिथल्या युद्धानंतर १९८३ मध्येच पूर्ण नागरिकत्व मिळालं. वर्गात ‘प्रजा’ आणि ‘नागरिक’ हे शब्द शेजारी शेजारी लिहून मी हेच उदाहरण द्यायची.

पुढे ब्रिटन आणि चीनच्या १९८४ च्या करारानुसार १ जुलै १९९७ ला हाँगकाँग चीनकडे जायचं ठरलं. तिथल्या चिनी वंशाच्या लोकांना चीन आपले नागरिक मानत होता. भारतीय, पाकिस्तानी, नेपाळी कुटुंबांचं काय? हाँगकाँगमध्ये राहता आलं असतं, पण देश कुठला म्हणून सांगायचा? आपल्याकडे दुहेरी नागरिकत्व नाही, त्यामुळे ज्यांनी तिकडचं घेतलं त्यांचं इकडचं सुटलेलं. शिवाय मामांच्या पासपोर्टवरचा दर्जा मुलांना मिळत नव्हता. ज्या शहराची स्टार फेरी ही बोटसेवा एका पारशाने सुरू केली, ज्याच्या विद्यापीठाच्या इमारतीला होर्मसजी मोदी या पारशी व्यापाऱ्याने पैसे दिले, त्या शहरात ही वेळ! १९९० मध्ये ब्रिटनने गुण देऊन ५०,००० कुटुंबप्रमुखांना नागरिकत्व द्यायचं ठरवलं, पण या छोट्या समाजांसाठी वेगळं काही केलं नाही. ही माणसं भीक मागत नव्हती. ज्या सत्तेने त्यांना आपलं म्हणून नोंदवलं, तिच्याकडेच ती हक्क मागत होती. मला ही मागणी तेव्हाही रास्त वाटायची, आजही वाटते.

अखेर ४ फेब्रुवारी १९९७ ला ब्रिटनचे गृहमंत्री मायकेल हॉवर्ड यांनी या लोकांना नागरिकत्व द्यायला होकार दिला, मार्चमध्ये कायदा झाला. होकार आला तेव्हा हस्तांतराला जेमतेम पाच महिने उरले होते.

त्याच आठवड्यात नव्या पेठेतले आमचे ओळखीचे कापडवाले काका इंग्रजी पेपरचं कात्रण घेऊन घरी आले. त्यांची बहीण कौलूनची, पण सुनेच्या बाळंतपणासाठी तेव्हा सोलापुरात. अट अशी होती, की ४ फेब्रुवारीच्या लगेच आधी माणसाचं वास्तव्य हाँगकाँगला हवं आणि दुसरं कुठलंच नागरिकत्व नको. “बाई, ताई तर इथे डिंकाचे लाडू वळतेय, गेलं का सगळं?” काकांचे हात थरथरत होते. मी त्यांना कात्रणातला ‘ऑर्डिनरिली’ हा शब्द बोट ठेवून दाखवला. नेहमीचं बिऱ्हाड जिथे, तिथलं वास्तव्य. पाहुणी म्हणून आलेली बाई बेघर होत नाही. ताई परत गेल्या, अर्ज केला, नोंदणीचा दाखला मिळाला. काकांनी पेढे आणले ते दुकान बंद करून, भर दुपारी.

तेव्हा ट्रंक पुन्हा एकदा नीट बघा. पासपोर्टच्या घडीत नोंदणीचा असा दाखला आहे का? १९९७ च्या कायद्याखालचा असेल, तर मामा पूर्ण ब्रिटिश नागरिक झाले होते. सापडला तर त्याची झेरॉक्स मला जरूर पाठवा.