शेजाऱ्यांकडून अमेरिकेचा दिग्गज बेसबॉलपटू बेब रूथ याची सही असलेला जुना बेसबॉल मिळाला आहे. सही खरी आहे का हे कसं ओळखायचं आणि किंमत किती येईल?

सही नंतर बघा, आधी चेंडू वाचा. न्यू जर्सीत तुमच्या शेजारच्या आजींचं घर रिकामं करताना त्यांच्या मुलाने तो तुम्हाला सहज देऊन टाकला, सही निळ्या शाईत आहे, एवढं तुम्ही लिहिलंय. चेंडूवर छापलेलं काय आहे ते मात्र लिहिलेलं नाही, आणि सगळी सुरुवात तिथूनच होते.

अमेरिकेतल्या वरच्या दर्जाच्या बेसबॉलमध्ये अमेरिकन आणि नॅशनल अशा दोन लीग आहेत, आणि त्या काळी अधिकृत चेंडूंवर त्या-त्या लीगच्या अध्यक्षाचं नाव छापलेलं असायचं. अमेरिकन लीगचे बॅन जॉन्सन १९२७ पर्यंत, मग १९३१ पर्यंत बार्नार्ड, १९५९ पर्यंत विल हॅरिज आणि त्यानंतर जो क्रोनिन. नॅशनल लीगचे हायडलर १९३४ पर्यंत, पुढे १९५१ पर्यंत फोर्ड फ्रिक. रूथ वारला १६ ऑगस्ट १९४८ रोजी. म्हणजे चेंडूवर क्रोनिनचं नाव असेल तर विषय संपला, तपासणीवर एक डॉलरही घालवू नका. हॅरिजचं नाव असेल तर आशा आहे, कारण १९३५ मध्ये खेळणं थांबवल्यावरही रूथ शेवटपर्यंत सह्या देत होता. शिवणही बघा. १९३४ च्या आधी अमेरिकन लीगच्या चेंडूची शिवण लाल-निळ्या दोऱ्याची असे, नंतर नुसती लाल. चेंडू अधिकृत नसून दुकानात मिळणारा साधा असेल तरी सही खरी असू शकते, फक्त तारखेचा हा आधार मग उरत नाही.

चेंडू त्या काळचा निघाला म्हणजे सही खरी ठरली असं अजिबात नाही. खोट्या सह्या करणारे जुने कोरे चेंडूच शोधून आणतात. म्हणून आता शाई. चांगलं भिंग घ्या. सगळ्या रेषा एकाच रंगाच्या, कुठेही शाई गडद-फिकी न झालेल्या दिसल्या तर ती छापील सही असू शकते. असे स्मरणिका चेंडू भरपूर विकले गेले. बॉलपेन न्यूयॉर्कमध्ये विक्रीला आलं ऑक्टोबर १९४५ मध्ये, तेव्हा बॉलपेनची सही असेल तर ती रूथच्या शेवटच्या तीनेक वर्षांतलीच हवी. मार्कर असेल तर प्रश्नच मिटला. मग ओघ बघा. हजारो वेळा सही केलेला हात थांबत नाही. नक्कल करणारा अक्षर लिहीत नाही, काढतो, त्यामुळे रेषा जाड राहते, मध्येच थबकते, थरथरते.

सगळ्यात अवघड प्रकार तिसराच. संघाचे चेंडू सह्यांसाठी यायचे तेव्हा ड्रेसिंग रूममधली पोरंही मोठ्या खेळाडूंच्या नावाने सह्या ठोकून द्यायची. चेंडू जुना, शाई जुनी, घरच्यांची आठवणही खरी, पण हात त्याचा नाही. हे तुम्हाला-मला घरी बसून कळणार नाही. त्यासाठी पीएसए, जेएसए किंवा बेकेट या सह्या तपासणाऱ्या कंपन्यांकडे चेंडू पाठवावा लागतो. नाव जितकं मोठं तितकी त्यांची फी जास्त, आणि ते देतात ते शेवटी तज्ज्ञांचं मतच. तरी बाजार त्याच मतावर चालतो. विकणाऱ्याने स्वतःच छापलेल्या प्रमाणपत्राला मात्र शून्य किंमत आहे.

ही काळजी उगाच नाही. १९९० च्या दशकात एफबीआयने खोट्या सह्यांविरुद्ध ‘ऑपरेशन बुलपेन’ नावाची मोठी कारवाई केली. सॅन दिएगोचा खेळाडू टोनी ग्विन स्वतःच्या नावाच्या खोट्या सह्या बघून तक्रार करत होता. पकडलेल्या मालात मदर तेरेसांच्या सहीचा बेसबॉलसुद्धा होता! या धक्क्यानंतर २००१ मध्ये मेजर लीग बेसबॉलने, म्हणजे या दोन्ही लीग चालवणाऱ्या संस्थेने, स्वतःची पद्धत आणली: त्यांचा माणूस, बहुतेकदा आजी-माजी पोलीस, समोर हजर असतो आणि वस्तूवर क्रमांकाचा होलोग्राम लागतो. आजच्या खेळाडूची सही घ्यायची असेल तर मी तीच घेईन. रूथला ती लागू नाही, कारण साक्षीदार कुठून आणणार?

किमतीचं म्हणाल तर खेळाडू किती थोर यावर ती ठरत नाही, त्याच्या चांगल्या सह्या किती शिल्लक आहेत यावर ठरते. पीट रोझ या खेळाडूने आयुष्यभर इतक्या सह्या केल्या की त्याचा चेंडू आजही सामान्य माणसाच्या आवाक्यात आहे. उलट ‘शूलेस’ जो जॅक्सन या जुन्या खेळाडूला लिहिता-वाचता येत नव्हतं, पत्नी केटीच त्याच्यासाठी सह्या करायची. म्हणून त्याच्या स्वतःच्या सहीचा एक फोटो २०२१ मध्ये जवळपास १५ लाख डॉलरला गेला. रूथ सह्या देण्यात उदार होता, पण मागणीही अफाट आहे. त्याच्या एकट्याच्या सहीचे चेंडू काही हजार डॉलरपासून काही लाखांपर्यंत जातात. एवढा फरक कशाने पडतो? शिवणीमधल्या सगळ्यात अरुंद जागी, म्हणजे स्वीट स्पॉटवर, एकटीच ठळक सही असेल तर सर्वोत्तम. शाई उडालेली असेल, किंवा टिकावी म्हणून कोणी शेलॅक, म्हणजे लाखेचं वार्निश, फासून चेंडू पिवळा केला असेल, तर किंमत झपाट्याने उतरते. अंदाज हवा असेल तर लिलावगृहांच्या साइटवर तशाच अवस्थेतले चेंडू प्रत्यक्षात कितीला गेले ते बघा. लोक मागत असलेले आकडे सोडून द्या. आणि लिलावाच्या आकड्यात बहुधा खरेदीदाराने भरलेलं कमिशनही धरलेलं असतं, तेवढी रक्कम विकणाऱ्याच्या हातात येत नाही.

तोवर चेंडू पुसू नका, सहीवर पेन फिरवू नका, उन्हात ठेवू नका. आजींच्या मुलाला भेटा. चेंडू कोणी, कधी, कुठल्या सामन्याला मिळवला हे त्याच्याकडून लिहून, सही करून घ्या. जुना फोटो किंवा तिकीट असेल तर विचारा. आणि हो, हा चेंडू रूथचा असू शकतो हे त्याला तपासणीच्या आधीच सांगा. त्याने तो किंमत ठाऊक नसताना दिला आहे, त्याला अंधारात ठेवून विकणं मला तरी पटत नाही.

शिक्क्याचा आणि शिवणीचा जवळून काढलेला फोटो इथे टाका. चेंडू साधारण कोणत्या वर्षांतला आहे एवढं मी नक्की सांगेन.