तुमचा हिरो कोण? माझं उत्तर: कुमार गंधर्वांची न गायलेली वर्षं

तुम्ही विचारलंय की आयुष्यात खरी प्रेरणा कुणाकडून मिळाली, आणि खाली असंही लिहिलंय की मोठ्या माणसांचे दोष कळले की मन उडतं, मग आदर्श मानायचं तरी कुणाला. मी बेळगावचा, उद्यमबाग या कारखान्यांच्या भागात टर्नर आहे, म्हणजे लेथ मशीनवर लोखंड कातायचं काम, आणि माझं उत्तर पंडित कुमार गंधर्व. त्यातही १९४८ ते १९५३ मधले, म्हणजे ज्या काळात ते गातच नव्हते.

सुळेभावी आमच्यापासून जवळच, मिरजेच्या लाईनला स्टेशन आहे. तिथं ८ एप्रिल १९२४ ला ते जन्मले, घर कन्नड, नाव शिवपुत्र कोमकळी. पोरवयातच मोठमोठ्या गवयांच्या रेकॉर्डी ऐकून तसंच्या तसं गाऊन दाखवायचे, कुमार गंधर्व ही पदवीसुद्धा त्याच वयातली. मग मुंबईत देवधर मास्तरांकडं शिकले, मैफली गाजायला लागल्या, १९४७ ला लग्न झालं, आणि तेवढ्यात टीबी. कोरडी हवा मानवेल म्हणून मध्य प्रदेशात देवासला गेले, आणि डॉक्टरांनी सांगितलं की गायचं नाही, गायलात तर जिवावर बेतेल. त्या वेळी टीबी म्हणजे काय होतं हे आपल्या आज्जी-आजोबांना विचारा, घरात कुणाला झाला तर लोक दारावरून जायचे नाहीत.

आता बघा, ज्याला गाण्याशिवाय दुसरं काही येत नाही त्याला पाच-सहा वर्षं गाणंच बंद. पडून राहायचं. या माणसानं त्या काळात काय केलं तर कान उघडा ठेवला, रस्त्यानं गात जाणारे लोक, पाखरं, वारा, सगळं ऐकत राहिला, माळव्यातल्या, म्हणजे देवासच्या त्या भागातल्या, बायकांची लोकगीतं मनात साठवली, आणि ऐकू येणार नाही इतक्या बारीक आवाजात गुणगुणत राहिला. पुढं स्ट्रेप्टोमायसिन मिळालं, पत्नी भानुमतींनी जिवापाड सेवा केली, आणि १९५३ मध्ये ते परत मैफलीला बसले. एक फुप्फुस निकामी झालेलं होतं. लांब श्वासाची तान आधीसारखी जमणार नाही हे त्यांना कळत होतं, मग त्यांनी छोट्या छोट्या जोरकस तुकड्यांत गायला सुरुवात केली आणि तीच त्यांची गायकी झाली. माळव्याच्या लोकधुनांतून त्यांनी नवे राग काढले, कबीराची निर्गुणी भजनं अशी गायली की आज ती दुसऱ्या कुणाच्या आवाजात ऐकली तरी कुमारच आठवतात. यूट्यूबवर त्यांच्या लहानपणच्या रेकॉर्डी आहेत त्या आधी ऐका आणि मग १९५३ नंतरचं काहीही लावा, गाण्यातलं कळत नसलं तरी श्वास कुठं तुटतो आणि त्या तुटण्याचं ते काय करतात हे कुणालाही ऐकू येईल. मला तरी आलं, आणि मी काही गाणं शिकलेला माणूस नाही.

हे मी वाचलं ते आमच्याकडं काम थंड असताना. एका मोठ्या गिऱ्हाईकानं माल उचलणं बंद केलं आणि शॉप आठवड्यातून दोन-तीन दिवसांवर आलं. तिथं आमचे मिस्त्री होते, सगळे त्यांना अण्णा म्हणायचे, बैलहोंगल बाजूचे, घरी कन्नड आणि आमच्याशी त्यांच्या पद्धतीचं मराठी. बाकीचे कोपऱ्यात मोबाईल घेऊन बसलेले असायचे आणि अण्णा लेथचा बेड पुसून तेल द्यायचे, जुनी टूलं काढून ग्राइंडरवर धार लावायचे, भंगारातला रॉड लेथच्या चकमध्ये, म्हणजे पकडीत, लावून पोरांकडून आटे (स्क्रूसारख्या खाचा) पाडून घ्यायचे. मला हाक मारायचे, "तम्मा, बा इल्ली (धाकट्या, इकडं ये), काय करालाईस बसून? काम नाही म्हणून हात विसरतो काय?" मग ड्रॉइंग पुढ्यात टाकायचे आणि माप विचारायचे, चुकलं की परत पहिल्यापासून. पगार अर्धा येत होता, त्यांच्या घरी लेकीचं लग्न ठरलेलं होतं, तरी त्या दिवसांत त्यांनी एकदाही मशीन मळकं ठेवलं नाही. देवासच्या खाटेवरचं ते गुणगुणणं वाचलं तेव्हा मला लगेच अण्णाच डोळ्यासमोर आले. तेव्हापासून मी मोठ्या माणसाबद्दल वाचायला लागलो की आधी शोधतो ती मधली वर्षं, हातात काही नसतानाची, टाळ्या नसतानाची.

आमच्या गावच्याच इंदिरा संत. १९४६ ला नवरा गेला, पदरात तीन मुलं, बेळगावात ट्रेनिंग कॉलेजात शिकवायची नोकरी. साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला १९८४ ला. मधे किती काळ गेला बघा, आणि त्या सगळ्या काळात शिकवणं चालू, घर चालू, कविता चालू. पुस्तकात त्यांच्याबद्दल विरहाची कवयित्री असं छापतात ते खरंच आहे, पण मला त्यांचं रोज सकाळी उठून कामावर जाणंसुद्धा तितकंच मोठं वाटतं.

आणि कित्तूरची राणी चन्नम्मा. आमच्याकडं चौकात पुतळा आहे घोड्यावरचा, तलवार उगारलेली, शाळेत आम्हाला शिकवलं ते ऑक्टोबर १८२४ चं, इंग्रजांचा कलेक्टर थॅकरे मेला ती लढाई. पण त्याच वर्षाच्या शेवटी कित्तूर पडलं, राणीला बैलहोंगलच्या किल्ल्यात कैद केलं आणि २१ फेब्रुवारी १८२९ ला तिथंच ती गेली. कैदेतल्या त्या चार वर्षांचं फळ तिला बघायला मिळालं नाही. कुमारांना त्यांचं गाणं परत मिळालं, तिला कित्तूर नाही मिळालं, म्हणून मी कुणाला असं सांगत नाही की धीर धरा, सगळं परत मिळतं. तिच्या सैन्यातला संगोळ्ळी रायण्णा मात्र तिच्यासाठी पुढं लढत राहिला, आणि २६ जानेवारी १८३१ ला नंदगडला फाशी गेला. नंदगड म्हणजे आमच्या खानापूर तालुक्यातलं, आसपास सगळी मराठी गावं. सीमाभागात भाषेवरून काय काय होतं ते तुम्ही बातम्यांत वाचत असाल, पण चन्नम्मा, रायण्णा आणि कुमार यांना मी माझे म्हणतो आणि त्यासाठी कुणाची परवानगी घेत नाही.

दोषांचं म्हणाल तर अण्णा फार रागीट होते. माप चुकलं की चारचौघांत बोलायचे, एक चांगला पोरगा त्यामुळं काम सोडून गेला, ते मला तेव्हाही पटलं नव्हतं आणि आजही पटत नाही. तरी त्यांची थंड दिवसांतली ती मेहनत माझ्या मनातून उतरत नाही, कारण मी अख्खा माणूस देव्हाऱ्यात बसवलाच नाही, त्याच्या आयुष्यातला एक तुकडा घेतला आणि त्याच्याकडं बघून काम करतो. कुणाबद्दल काही वाईट कळलं की तुमचं मन उडतं ते बहुतेक अख्खा माणूस घेतल्यामुळं. मोठ्या नावांत सापडत नसेल तर घरात विचारा की पैसे संपले होते तेव्हा कोण काय करत होतं, बहुतेक घरांत असा एक जण निघतोच.

आता अण्णा रिटायर होऊन गावी शेती बघतात आणि आयटीआयची पोरं माझ्या हाताखाली येतात. ऑर्डर नसली की मीपण भंगारातला रॉड लावून देतो. त्यातल्या एकानं विचारलं, "मामा, ह्याचं बिल कोण देणार?" मी म्हटलं कोणी नाही, आटे पाड. तो अजून कुरकुरतो, पण आता त्याचा नट पहिल्या झटक्यात बसतो.