शंका-समाधान : जिवाणू खतांचा परिणाम का दिसत नाही?

प्रश्न : हरभऱ्याच्या बियाण्याला जिवाणू संवर्धक (उपयुक्त जिवाणूंचे खत) लावूनही पिकात फरक दिसला नाही. ही खते खरोखर उपयोगी आहेत का? त्यांच्यामुळे रासायनिक खते पूर्ण बंद करता येतील का?

उत्तर : उपयोगी निश्चितच आहेत, परंतु हे सजीव असल्याने त्यांना योग्य पीक आणि योग्य परिस्थिती मिळावी लागते. रायझोबियम गटातील प्रत्येक जिवाणू ठरावीक कडधान्यांच्याच मुळांवर गाठी करतो. सोयाबीनसाठी तयार केलेले संवर्धक हरभऱ्याला लावल्यास गाठी येत नाहीत, म्हणून पाकिटावरील पिकाचे नाव आणि वापराची अंतिम तारीख आधी पाहावी. बुरशीनाशक वापरायचे असल्यास त्याची बीजप्रक्रिया आधी करून जिवाणू सर्वांत शेवटी लावावेत, बियाणे सावलीत सुकवावे आणि लगेच पेरावे, कारण कडक ऊन व कोरडेपणा जिवाणूंना मारक ठरतो.

संवर्धकाने काम केले की नाही, हे पानांपेक्षा मुळेच अधिक खात्रीने सांगतात. फुलोऱ्याच्या सुमारास एखादे रोप मातीसह अलगद उपटून गाठ कापून पाहावी. आतून गुलाबी किंवा लालसर दिसली, तर नत्र स्थिर होत आहे, म्हणजे हवेतील नत्र (नायट्रोजन) पिकाला घेता येईल अशा रूपात बदलत आहे, असे समजावे. हा रंग लेगहिमोग्लोबिन या लाल प्रथिनाचा असतो. नत्र स्थिर करणारे नायट्रोजिनेज हे विकर (एन्झाइम) ऑक्सिजनने निकामी होते आणि लेगहिमोग्लोबिन गाठीतील मुक्त ऑक्सिजन अत्यल्प ठेवते. पांढऱ्या गाठी निष्क्रिय असतात. जमिनीत नत्र भरपूर असेल, तर वनस्पती मुळात गाठीच कमी धरते. त्यामुळे संवर्धकासोबत युरियाचा मोठा हप्ता देणे हे स्वतःच्याच खर्चाला छेद देणे आहे. उलट, हरभरा वारंवार घेतलेल्या शेतात योग्य जिवाणू पूर्वीपासूनच असू शकतात आणि मग नव्याने लावलेल्यांचा फरक जाणवत नाही.

रासायनिक खते एकदम बंद करण्याचा सल्ला मात्र आम्ही देणार नाही. स्फुरद (फॉस्फरस) विरघळवणारे जिवाणू सेंद्रिय आम्ले सोडून मातीत अडकलेले स्फुरद मोकळे करतात, नवे निर्माण करत नाहीत. गहू-ज्वारीसारख्या पिकांत अझोस्पिरिलम हा जिवाणू मुख्यतः संप्रेरकांद्वारे (वाढ नियंत्रित करणाऱ्या द्रव्यांद्वारे) मुळांची वाढ वाढवतो. तेथे नत्राची गरज अंशतःच भागते. म्हणून माती परीक्षण करून खताची मात्रा टप्प्याटप्प्याने कमी करावी आणि पुढील पेरणीत एक पट्टा संवर्धकाविना ठेवून दोन्हीकडील गाठी व उत्पादन यांची तुलना करावी.