पहिला पीआर टाकून माणसं गायब का होतात?

प्रश्न: मी एक छोटी ओपन सोर्स लायब्ररी (दुसऱ्यांनी आपल्या प्रोग्रॅममध्ये वापरायचा, सगळ्यांना खुला असलेला कोड) सांभाळतो. वापरणारे भरपूर, बग सांगणारेही भरपूर, पण काम करणारा मी एकटाच. अधूनमधून कोणीतरी पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'मी केलेला बदल घ्या' अशी विनंती) टाकतं, मी मर्ज करतो, म्हणजे तो बदल मूळ कोडमध्ये घेतो आणि तो माणूस पुन्हा दिसतच नाही. सोप्या कामांना 'गुड फर्स्ट इश्यू' (नवीन माणसाने आधी हे घ्यावं) असं लेबल लावून झालं, काही फरक नाही. माणसं टिकवायची कशी?

उत्तर: नवीन माणूस थांबणार की जाणार हे बहुतेक वेळा त्याच्या पहिल्या पीआरवर तुम्ही काय उत्तर देता आणि किती दिवसांनी देता यावरच ठरतं, असं माझं ठाम मत आहे. बघा ना, त्याने फोर्क केलं (तुमच्या कोडची स्वतःची कॉपी घेतली), सेटअप धड चालेना तरी रेटून नेलं, बदल केला, पीआर टाकला, आणि गिटहबवर (कोड ठेवायची साइट) पब्लिक रेपोत (सगळ्यांना दिसणाऱ्या प्रोजेक्टमध्ये) पहिल्यांदा येणाऱ्याच्या पीआरवर टेस्ट आपोआप सुरूच होत नाहीत, मेंटेनरने (प्रोजेक्ट सांभाळणाऱ्याने, म्हणजे तुम्ही) अप्रूव्ह केल्याशिवाय सगळं लटकून राहतं, ही सेटिंग तिथे मुळातच चालू असते. म्हणजे तुम्ही आठवडाभर फिरकला नाहीत तर आपलं कोड टेस्टमध्ये पास झालं की नाही एवढंसुद्धा त्या बिचाऱ्याला कळत नाही. ते बटण दाबायला आणि "बघितलं, शनिवारी नीट वाचतो" एवढं लिहायला मिनिटभर पुरतं. ते आधी करा, रिव्ह्यू सावकाश झाला तरी चालेल.

आता रिव्ह्यूचं. समजा, रिकामी तारीख आली की तुमची लायब्ररी क्रॅश होते आणि कोणीतरी ते दुरुस्त करून पाठवलं. त्यावर "लिंट फिक्स करा, टेस्ट जोडा" असं लिहिलंत तर ते बरोबरच आहे, पण नवीन माणसाला लिंट (कोडची मांडणी तपासणारं टूल) कुठे चालवायचं आणि टेस्ट कुठे लिहायची हेच माहीत नसतं, तो टॅब बंद करतो आणि संपलं. त्यापेक्षा असं लिहून बघा: "बग बरोबर पकडलात. लिंट लाल दिसतंय ते फक्त ओळीच्या शेवटी राहिलेल्या स्पेसमुळे, फॉरमॅटर एकदा चालवा, जाईल. टेस्टसाठी तारखांच्या टेस्टची फाइल उघडा, तिथे चुकीच्या तारखेची केस आहे, तीच कॉपी करून रिकामी स्ट्रिंग घाला. अडलं तर इथेच विचारा." तुम्ही स्वतः ते दुरुस्त केलं असतं तर याहून लवकर झालं असतं हे मला मान्य आहे, पण हा वेळ तुम्ही त्या बगवर घालवतच नाही आहात, त्या माणसावर घालवताय, आणि प्रोजेक्ट चालवणं म्हणजे निम्मं हेच काम असतं हो.

आणि मर्ज झाल्यावर नुसतं थँक्स म्हणून सोडू नका. "याच फाइलमध्ये टाइमझोनचा एक बग कधीचा पडून आहे, तुम्हाला हा भाग आता माहीत झालाय, घेता का?" असं त्या माणसाला नाव घेऊन विचारा. सगळ्यांना उद्देशून "कॉन्ट्रिब्युटर हवेत" म्हटलं की कोणीच उठत नाही, एकाला विचारलं की बरेचदा हो म्हणतो.

लेबलबद्दल एवढंच सांगतो, की नुसतं लेबल लावून भागत नाही. इश्यूत कुठली फाइल बघायची, आता काय होतंय, काय व्हायला हवं आणि झालं हे कसं तपासायचं, एवढं लिहिलेलं हवं. आणि असे सोपे बग तुम्ही किंवा जुन्या लोकांनी रिकाम्या वेळात उरकून टाकू नका, ते नवीन लोकांसाठी राखून ठेवा.

टीशर्ट, बक्षिसं असल्या मोहिमांवर फार विसंबू नका. हॅक्टोबरफेस्ट ही ऑक्टोबरात पीआर टाकायला लावणारी मोहीम 2014 साली चांगल्या हेतूने सुरू झाली, पण 2020 मध्ये टीशर्टसाठी लोकांनी रीडमीत (प्रोजेक्टची माहिती देणाऱ्या फाइलमध्ये) एखादा शब्द घुसवून पीआरचा नुसता पाऊस पाडला, मेंटेनर वैतागले आणि शेवटी ज्या प्रोजेक्टला भाग घ्यायचाय त्यांनीच तसं कळवायचं असा नियम करावा लागला. आकडा वाढला म्हणजे माणसं वाढली असं नसतं.

प्रश्न: मी नवीन आहे. माझा पहिला पीआर तीन आठवडे तसाच पडलाय. कोडच वाईट असेल का? पुन्हा विचारलं तर राग येईल का?

उत्तर: वाईट असता तर कोणीतरी तसं म्हटलं असतं. गप्पपणाचा अर्थ बहुतेक वेळा एवढाच असतो की पलीकडे एकच माणूस आहे आणि तो नोकरी, घर सांभाळून हे करतोय. बिनधास्त विचारा, फक्त "काही अपडेट?" एवढंच नको, मेन ब्रँचवर रीबेस करा (तुमचा बदल प्रोजेक्टच्या आताच्या मुख्य कोडवर आणून बसवा), काय बदललं आणि कसं तपासलं ते दोन ओळीत लिहा, म्हणजे त्याचं काम हलकं होतं. दरम्यान सेटअप करताना तुम्ही जिथे जिथे अडलात ते रीडमीत दुरुस्त करून पाठवा, ती अडचण जुन्या लोकांना दिसतच नाही, ती फक्त नवीन माणसालाच दिसते, त्यामुळे हे काम तुमच्याइतकं चांगलं दुसरं कोणी करू शकणार नाही.

आणि फुकटात वेळ देणं सगळ्यांना परवडत नाही, त्यात लाजण्यासारखं काही नाही. मेंटॉर आणि मानधन दोन्ही मिळेल असे कार्यक्रम आहेत. गूगल समर ऑफ कोड 2005 पासून चालू आहे आणि 2022 पासून त्यासाठी विद्यार्थी असण्याची अट राहिलेली नाही. आउटरीची हा ग्नोम (GNOME, लिनक्सचा डेस्कटॉप बनवणारा) प्रोजेक्टच्या 2006 मधल्या एका उपक्रमातून वाढला, टेक क्षेत्रात ज्यांना सहसा वाव मिळत नाही अशांसाठी तो आहे.

प्रश्न: आमच्याकडे एक जण वर्षभर उत्तम काम करतोय, त्याला मर्जचा अधिकार द्यावासा वाटतो. पण एक्सझेडचं प्रकरण वाचल्यापासून हात आखडतोय.

उत्तर: भीती खोटी नाही. एक्सझेड युटिल्स या फाइल लहान करणाऱ्या ओपन सोर्स प्रोग्रॅममध्ये एका अकाउंटने दोनेक वर्षं व्यवस्थित काम करून विश्वास मिळवला, थकलेल्या एकट्या मेंटेनरवर दुसऱ्या काही अकाउंटवरून "दुसरा कोणीतरी नेमा" असा दबावही आला, आणि मग 5.6.0 आणि 5.6.1 या आवृत्त्यांमध्ये बॅकडोअर (आत शिरायचा चोरदरवाजा) घुसला. मार्च 2024 मध्ये आंद्रेस फ्रॉइंड या प्रोग्रॅमरना एसएसएच (दुसऱ्या कॉम्प्युटरवर दुरून जाण्याच्या) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय असा प्रश्न पडला म्हणून तो उघडकीला आला. पण यातून "कोणालाच काही देऊ नका" असा अर्थ काढू नका, कारण मेंटेनर एकटा आणि दमलेला होता म्हणून तर तो दबाव लागू पडला!

अधिकार पायरीपायरीने द्या. कुबरनेटीस या मोठ्या ओपन सोर्स प्रोजेक्टमध्ये हे लिहूनच ठेवलंय, आधी मेंबर, त्यालासुद्धा आधीपासून असलेल्या दोघांची शिफारस लागते, मग रिव्ह्युअर, मग अप्रूव्हर, आणि कोणाचा अधिकार कुठल्या फोल्डरपुरता हे रेपोतल्या ओनर्स फाइलमध्ये असतं. तुम्ही लहान असाल तर एवढं सगळं नको, आधी इश्यूंना लेबल लावणं, बंद करणं द्या, मग रिव्ह्यू, मग एका भागापुरता मर्ज. कोणीही, अगदी तुम्हीसुद्धा, दुसऱ्याने बघितल्याशिवाय मेन ब्रँचला हात लावायचा नाही, असा नियम सेटिंगमध्येच टाका म्हणजे कोणावर संशय घेतला असं होत नाही. रिलीजची फाइल कोणाच्या लॅपटॉपवर बनवू नका, ती सगळ्यांना दिसेल अशी सीआयमध्ये (कोड आपोआप बिल्ड आणि टेस्ट करणाऱ्या यंत्रणेत) बनू द्या, कारण एक्सझेडमध्ये बॅकडोअर चालू करणारी स्क्रिप्ट गिटमध्ये (सगळ्यांना दिसणाऱ्या कोडमध्ये) नव्हतीच, फक्त रिलीजच्या टारबॉलमध्ये (डाउनलोडसाठी बांधलेल्या फाइलमध्ये) होती. टू-फॅक्टर सगळ्यांना सक्तीचं करा.

या माणसाला पायऱ्या आधी सांगा, पुढची कधी आणि कशावर मिळेल तेही सांगा, वर्षभर राबणाऱ्याला अंधारात ठेवणं बरं नाही. पुढे कधी तो थांबला, नोकरी बदलली, मूल झालं, तर अधिकार काढून घ्या पण नाव एमेरिटसच्या (मानाने निवृत्त झालेल्यांच्या) यादीत ठेवा, आणि परत आला तर पुन्हा पहिल्या पायरीपासून चढायला लावू नका.