मोटारींसारखी मोठ्या प्रवासी विमानांची क्रॅश टेस्ट का घेत नाहीत?

घेतात, पण फार क्वचित. प्रत्येक नव्या मॉडेलचं अख्खं विमान आपटून बघणं परवडणारं नाही. शिवाय मोटार बहुतेक वेळा समोरून किंवा बाजूने धडकते, विमान कसं आदळेल याचा काही नेम नसतो.

यातली सर्वांत मोठी चाचणी नासा आणि एफएए या अमेरिकेच्या विमान वाहतूक नियामक संस्थेने १ डिसेंबर १९८४ रोजी कॅलिफोर्नियातल्या एडवर्ड्स हवाईतळावर घेतली. जुनं बोइंग ७२०, सीटवर माणसांऐवजी डमी आणि वैमानिक जमिनीवरून रिमोटने विमान चालवणारा. टाकी फुटल्यावर इंधनाचं धुकं होऊन ते पेटू नये म्हणून त्यात खास रसायन मिसळलं होतं. पंख फाटावेत म्हणून जमिनीत धारदार पोलादी पाती रोवली होती. पण उतरताना विमान डोलायला लागलं, डावा पंख आधी टेकला, विमान वाकडं फिरलं आणि एक पातं थेट उजवीकडच्या इंजिनात घुसलं. क्षणात आगीचा डोंब उसळला आणि ती विझवायला तासाहून जास्त वेळ गेला.

लोक या चाचणीला फसलेली म्हणतात. मला ते अजिबात पटत नाही. ते रसायन सक्तीचं करण्याचा विचार यामुळेच मागे पडला. नाहीतर आपण खोट्या भरवशावर उडत राहिलो असतो.

आता खरा भर सीटवर असतो. डमी बसवलेली सीट रुळावरच्या गाड्यावर ठेवून तिला १६ जीचा, म्हणजे गुरुत्वाकर्षणाच्या सोळा पट, झटका देतात. त्याआधी सीटचे पाय ज्या पट्ट्यांत अडकवलेले असतात त्या मुद्दाम १० अंशांनी पिरगळतात, कारण खऱ्या अपघातात केबिनची जमीन सपाट राहत नाही. तरीही सीट उखडता कामा नये. हा नियम नव्या डिझाइनच्या विमानांना १९८८ मध्ये लागू झाला.

एका गोष्टीचा मात्र मला मनापासून राग येतो. दोन वर्षांखालच्या बाळाला मांडीवर घेऊन बसायला आजही परवानगी आहे. १० किलोचं बाळ १६ जीच्या झटक्यात १६० किलोसारखं ओढलं जातं, ते कोणत्याही आईबापाच्या हातात राहणार नाही. बाळासोबत प्रवास असेल आणि खिशाला झेपत असेल तर त्याचं वेगळं तिकीट काढा, विमानासाठी मंजूर असलेलं चाइल्ड सीट न्या आणि ते चालेल का हे विमान कंपनीला आधीच विचारून ठेवा.